जहाजाची डावी बाजू : एका समजुतीचा प्रतिवाद

मुंबईहून गोव्यास जहाजाने जावयाचे असेल तर खोली डाव्याच बाजूची घ्यावी, कारण त्या अंगास कोकणचा किनारा असतो, आणि त्यासाठी दोन पैसे अधिक पडले तरी मागेपुढे पाहू नये, असे एक मत आमच्या वरणगावात अलीकडे इतक्या निश्चयाने सांगितले जाऊ लागले आहे की, त्याला पुरावा विचारणारा मनुष्यच अज्ञानी ठरावा. हे मत सांगणारे काही थोडेथोडके नाहीत. एकदा सफर करून आलेले आप्त, भुसावळ-जळगावकडचे सहलींचे दलाल, मुलांनी मोबाईलवर वाचून काढलेले सल्ले, या सर्वांचा सूर एकच आहे. आणि समजूत एकमुखाने बोलली जाते तेव्हा ती तपासून पाहण्याचे काम अधिकच अगत्याचे होते. मला ही समजूत बहुतांशी चुकीची वाटते. ती का चुकीची आहे, तिचा उगम कोठे असावा आणि तिच्या नादी लागून खोली निवडताना जे खरोखर पाहावयास हवे ते कसे दृष्टीआड होते, हे सविस्तर मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

तापीच्या दक्षिणेस, समुद्रापासून इतक्या आत वसलेल्या गावात हा वाद निघावा याचे कोणास नवल वाटेल. पण त्याचे कारण साधे आहे. १९६०च्या दशकात येथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्याच्या वसाहतीत ज्यांचे आयुष्य गेले अशा कुटुंबांची एक पिढी आता निवृत्त झाली आहे. काशी-रामेश्वर झाले, वैष्णोदेवी झाली. आणि २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाल्यापासून, व त्यानंतर २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून सुटू लागल्यापासून, जहाजाची सफर हीदेखील मध्यम उत्पन्नाच्या माणसाच्या आवाक्यातली गोष्ट झाली आहे. ज्या पती-पत्नींनी समुद्र पाहिला तो फार तर जुहूच्या वाळूवरून, ती दोघे भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून काही हिस्सा बाजूला काढून हे तिकीट घेतात. त्यांना चुकीचा सल्ला देणे ही माझ्या मते क्षुल्लक बाब नाही, कारण दुसऱ्या वेळी जाऊन चूक दुरुस्त करण्याची संधी त्यांतील पुष्कळांना मिळणार नसते.

डाव्या बाजूच्या या माहात्म्याचे मूळ, माझ्या तर्काप्रमाणे, साहेबांच्या अमदानीत सापडते. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर विलायतेहून हिंदुस्थानात येणारा मुलकी अंमलदार भूमध्य समुद्रातून पूर्वेकडे येई, तांबड्या समुद्रातून आग्नेयेकडे उतरे आणि एडनपासून पुन्हा पूर्वेचा मार्ग धरून मुंबईस लागे. हा प्रवास बहुधा शरद ऋतूत, म्हणजे सूर्य दक्षिणायनात असताना घडे. त्यामुळे दिवसाचा बराच काळ ऊन जहाजाच्या उजव्या अंगावर पडे, तांबड्या समुद्रातील अपराह्णाचा प्रखर ताप तर विशेषेकरून उजवीकडेच येई, आणि वातानुकूलनाचे नावही नसलेल्या त्या काळात डाव्या बाजूच्या खोलीत त्यातल्या त्यात गारवा राही. परतताना दिशा उलटे, तेव्हा उजवी बाजू सुखाची. येताना डावी आणि जाताना उजवी, हा संकेत अशा रीतीने दृढ झाला. त्या संकेताची मोहोर उठवलेली खास तिकिटे पी. अँड ओ. कंपनी देत असे, अशी आख्यायिकाही मागाहून प्रचलित झाली; परंतु कंपनीच्या दफ्तरात तिला आधार सापडलेला नाही.

या संकेतात तथ्य नव्हते असे माझे म्हणणे नाही. एका विशिष्ट मार्गावर, विशिष्ट ऋतूत आणि विशिष्ट तऱ्हेच्या जहाजावर तो पूर्णपणे सयुक्तिक होता. पण त्या तीन अटींपैकी एक जरी ढळली तरी त्याची काय अवस्था होते, हे पाहण्यासाठी आपल्याच इतिहासातील एक प्रवास घ्यावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी १५ ऑगस्ट १९३१ रोजी ‘मुलतान’ या आगबोटीने मुंबईहून निघाले. ऑगस्टच्या मध्यास मुंबई व एडन यांच्या दरम्यान माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तो ना धड उत्तरेस, ना धड दक्षिणेस. त्यामुळे विलायतेकडच्या वाटेवर उजवी बाजू सावलीची, या नियमाचा आधारच त्या दिवसांत नाहीसा होतो. शिवाय नैर्ऋत्य मोसमी वारा त्या वेळी ऐन भरात असतो, पश्चिमेकडे चाललेल्या जहाजाच्या डाव्या गालफडावर तो आदळतो, आणि त्या अंगाचे गवाक्ष उघडे ठेवणे दुर्घट होऊन बसते. म्हणजे अशा दिवसांत उजवी बाजू सोयीची झालीच तर ती वाऱ्यामुळे. सूर्याशी तिचा संबंध नाही. बाबासाहेबांना कोणत्या बाजूची खोली मिळाली याचा येथे प्रश्न नाही. एकच मार्ग केवळ ऋतू बदलल्याने वेगळा नियम मागतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आणि आपल्याकडे तर मार्ग, ऋतू व जहाज या तिन्ही गोष्टी बदलल्या असताना तोच नियम आजही घोकला जात आहे.

आणि मुख्य भेद तर याहून साधा आहे. साहेबाचे येणे व जाणे हे दोन स्वतंत्र प्रवास असत. त्यांच्यामध्ये वर्षे लोटत, आणि प्रत्येक वेळी तो नवी खोली निवडू शके. आजची मुंबई-गोवा-मुंबई सफर हा एकच प्रवास आहे. त्याला एकच तिकीट आणि एकच खोली असते. जाताना डाव्या अंगास किनारा असेल तर येताना त्याच खोलीच्या खिडकीत उघडा समुद्र येणार, आणि उजवीकडच्या खोलीत नेमके याच्या उलट घडणार. गोव्यासच उतरून रेल्वेने परतणाऱ्यांची गोष्ट निराळी. पण जहाजानेच परत येणाऱ्या उतारूंना उभय बाजूंचे दान समसमान आहे. इतकी उघड गोष्ट डाव्या बाजूचा आग्रह धरणाऱ्यांच्या ध्यानात का येत नाही, हे मला खरोखर कळत नाही.

यावर ते म्हणतील की, जातानाचा उत्साह वेगळा असतो, तेव्हाचा किनारा दिसला म्हणजे पुरे. ठीक, मग जाताना प्रत्यक्षात काय दिसते तेही पाहू. मुंबई ते मुरगाव हे सागरी अंतर स्थूलमानाने २२० सागरी मैलांचे आहे. ताशी १५-१६ सागरी मैल हा वेग धरला तर ते कापण्यास सुमारे १४ तास लागतात, आणि म्हणूनच ही जहाजे सायंकाळी सुटून सकाळी पोहोचतील अशी तजवीज असते. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच वाजता सुटलेले जहाज त्या वेळी बंदराच्या मुखाशीच असते. उजवीकडे कुलाब्याचे भूशिर आणि त्याच्यापुढचा प्राँग्सचा दीपस्तंभ, डावीकडे करंजा-थळचा किनारा आणि खांदेरी-उंदेरी ही जलदुर्गांची जोडी. शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये खांदेरीवर बांधकाम सुरू केले तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी त्यास विरोध केला आणि त्यातून आरमारी संघर्ष उद्भवला. हा सगळा प्रसंग ज्या पाण्यात घडला त्याच पाण्यावरून आपण जात असतो. प्रकाश उरला असेल तर ही घटका अत्यंत मोलाची आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. पण या घटकेस खोलीत बसतो कोण? सगळे उतारू वरच्या उघड्या डेकवर आलेले असतात आणि त्यांनी तेथेच असावे. तेथून डावे, उजवे, पुढचे, मागचे सर्व दिसते, आणि त्याला वेगळे भाडे नाही.

त्यानंतर येते रात्र. अलिबागच्या पुढचा कोकण, म्हणजे मुरुड-जंजिरा, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही सगळी नामावळी, अंधारात निघून जाते. डाव्या खोलीतल्या जागरूक माणसास कोर्लई, नानवेल, टोळकेश्वर, जयगड, रत्नागिरी येथील दीपस्तंभांच्या उघडझापी एकामागून एक दिसू शकतात. प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप निराळ्या कालमानाची असते, ती घड्याळ लावून ओळखण्यात मला तरी अपूर्व आनंद आहे, आणि ज्याला तो घ्यावयाचा असेल त्याने डावी खोली जरूर घ्यावी. परंतु रात्री दोन वाजता उठून जयगडचा दिवा मोजणारे प्रवासी किती, याचा विचार सल्ला देणाऱ्यांनी करावा. किनारा म्हणून त्यांनी जे वचन दिलेले असते, ते माडांच्या रांगांचे, किल्ल्यांच्या तटांचे, पांढऱ्या पुळणीचे असते. ते या मार्गावर या वेळेस पुरे होणे शक्य नाही.

दिवसाउजेडीदेखील ते कितपत पुरे होईल याचाही हिशेब मांडता येतो. पृथ्वी गोल असल्याने पाण्यापासून सुमारे ९ मीटर उंचीवरच्या खिडकीतून पाहणाऱ्यास क्षितिज अवघ्या ११ किलोमीटरांच्या आसपास असते. ३० मीटर उंचीच्या डेकवरून ते सुमारे २० किलोमीटरांवर जाते. मोठी जहाजे खडक व मच्छीमारांची जाळी टाळण्यासाठी किनाऱ्यापासून बरेच अंतर ठेवून चालतात. त्यामुळे खालच्या खोलीतून पुळण आणि माड क्षितिजाखाली लपतात. फार तर डोंगरांच्या निळसर रेषा दिसतात, आणि हिवाळ्यातल्या धुरकट हवेत त्याही पुसट होतात. किनारा पाहण्यासाठी बाजूपेक्षा उंची महत्त्वाची, आणि उंची हवी तर पुन्हा डेकच.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. हा पक्ष संख्येने लहान असला तरी तितकाच आग्रही आहे. त्याचे म्हणणे असे की, किनारा राहू द्या, सूर्यास्तासाठी उजवी बाजू घ्या. यांची दिशा चुकलेली नाही. मोकळ्या समुद्रात आल्यावर गोव्याकडे जाणाऱ्या जहाजाचे तोंड नेमके दक्षिणेस नसून थोडे आग्नेयेकडे कललेले असते, आणि डिसेंबरातला सूर्य पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेस मावळतो. त्यामुळे तो उजव्या खिडकीच्या जवळजवळ समोर येतो. मे महिन्यात मात्र तोच सूर्य पश्चिमेच्या उत्तरेस सुमारे २० अंश सरकलेला असतो, म्हणजे जहाजाच्या मागच्या अंगास जातो, आणि ज्या खोलीला सज्जा नाही, केवळ जाड काचेची बंद खिडकी आहे, तीतून तो तिरकसच दिसतो. परतीच्या सायंकाळी हे सारे डावीकडे जाते, हे वर सांगितलेल्या न्यायाने ओघानेच आले. अर्ध्या तासाच्या सूर्यास्तासाठी बाजूचा हट्ट धरणाऱ्यालाही माझे उत्तर डेककडेच बोट दाखवते.

उन्हाचा मुद्दा काढणारे लोक आमच्या गावात असावेत हे स्वाभाविक आहे. वैशाखात पश्चिमेची भिंत तापली म्हणजे मध्यरात्रीपर्यंत तिच्याशी पाठ टेकवत नाही, हे खानदेशात लहान मुलालाही ठाऊक असते, आणि तोच न्याय जहाजाच्या उजव्या भिंतीला लावण्याचा मोह त्यांना होतो. पण जहाजाचा आतला भाग सर्वत्र वातानुकूलित असतो आणि सायंकाळी सुटणाऱ्या जहाजावर मावळतीचे ऊन पडते ते तास-दोन तास. त्याचा खोलीच्या सुखावर परिणाम होत नाही. हा मुद्दा येथेच सोडतो.

बाजूला कधीच महत्त्व नसते, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ कोणी घेऊ नये. तसे म्हणणे ही उलट टोकाची चूक होईल. ज्या प्रवासात जहाज दिवसा, किनाऱ्याजवळून आणि एकाच दिशेने जाते, तेथे बाजू खरोखर निर्णायक ठरते. सुएझ कालव्यातून पोर्ट सैदहून दक्षिणेकडे जाताना डाव्या हातास सिनाईचे ओसाड वाळवंट आणि उजव्या हातास नाईलच्या गोड्या पाण्यावर पोसलेली हिरवळ व इस्माइलिया शहर असते. दोन्ही तीर इतके निकट की, खिडकीतूनही सारे दिसावे. नॉर्वेत बेर्गेनहून उत्तरेकडे निघणाऱ्या किनारी जहाजावर उजवी बाजू भूमीची. व्हँकूव्हरहून अलास्काकडे एकेरी जाणाऱ्यासही तेच लागू. आणि तेथेसुद्धा हिमनदीपुढे जहाज थांबते तेव्हा कप्तान ते जागच्या जागी सावकाश फिरवतो, म्हणजे दोन्ही अंगांच्या उतारूंना ती दिसावी. परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांनी आईवडिलांना अशा सफरीस नेले तर त्यांनी बाजूचा विचार अवश्य करावा. माझा विरोध आहे तो एका मार्गाचा नियम दुसऱ्या मार्गावर न तपासता लादण्यास.

आणि याहून गंभीर आक्षेप असा आहे की, डाव्या-उजव्याच्या या चर्चेत जे पाहावयास पाहिजे ते कोणी पाहतच नाही. साठीच्या पुढच्या, गुडघे दुखणाऱ्या, समुद्राची सवय नसलेल्या दांपत्याला सर्वांत अधिक त्रास होणार तो हेलकाव्यांचा. जहाज लाटेवर पुढून-मागून डोलते तेव्हा त्याची दोन्ही टोके सर्वांत जास्त वर-खाली होतात आणि मध्यभाग सर्वांत कमी. जितके वर जावे तितका बाजूबाजूंचा झोका वाढतो. म्हणून खोली मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची असावी. या बाबतीत डावी आणि उजवी यांत तिळमात्र अंतर नाही. दुसरे, त्या खोलीच्या डोक्यावर काय आहे? वर नाचगाण्याचे दालन असेल तर पहाटेपर्यंत छत धडधडत राहते. स्वयंपाकघर असेल तर रात्रभर गाड्यांची घरघर. अगदी पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा खडखडाट, अगदी मागे यंत्राची कंपने. तिसरे, जीवरक्षक नौका जहाजाच्या दोन्ही अंगांना टांगलेल्या असतात, आणि ज्या मजल्यावर त्या येतात तेथील पुष्कळशा खिडक्यांसमोर समुद्राऐवजी त्या नौकांचे पोट येते. ज्याने भाडे देऊन खिडकी घेतली त्याची ही खरी फसगत, मग ती खिडकी डावीकडे असो की उजवीकडे. चौथे, उद्वाहन किती दूर आहे. या सगळ्या गोष्टी जहाजाच्या मजलावार नकाशात स्पष्ट दाखविलेल्या असतात, तो नकाशा मागण्याचा प्रत्येक उतारूस अधिकार आहे, आणि तो न दाखविता नुसते “डावीकडची देतो” असे सांगणारा दलाल आपले कर्तव्य करीत नाही.

बाजूचाच आग्रह असेल तर तिची खात्री तरी कशी करणार? पुष्कळ जहाजांवर सम क्रमांकाच्या खोल्या डावीकडे आणि विषम क्रमांकाच्या उजवीकडे असतात, पण हा रिवाज सार्वत्रिक नाही, आणि डावे-उजवे ठरते ते जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून. धक्क्याला जहाज कोणत्या अंगाने लागेल हेदेखील जागा, वारा आणि बंदराचा वाटाड्या यांवर अवलंबून असते. गोव्यात उतरण्यापूर्वीचा वेळ आपल्या खिडकीत झुआरीचे मुख असेल की धक्क्यावरचे दिवे व यंत्रे, हे महिनाभर आधी कोणी सांगू शकत नाही.

एक तिसरे मत आहे, त्यालाही उत्तर दिले पाहिजे. ते म्हणते की, एवढा खल कशाला, बिनखिडकीची आतली खोली घ्यावी आणि पैसे वाचवावेत. हे मत मी व्यवहारदृष्ट्या खोडून काढू शकत नाही. दोन रात्रींच्या सफरीत खोलीत माणूस झोपण्यापुरताच असतो. तरीही प्रथमच समुद्रावर जाणाऱ्यास मी खिडकी घेण्याचाच सल्ला देईन. पहाटे जाग आल्यावर सूर्य उगवला की नाही, पाऊस आहे की निरभ्र, हे पाहता यावे. ज्याला बंद जागेत कोंडल्यासारखे होते त्याला तर तिची गरज आहेच. मात्र ती खिडकी मध्यावरची असावी, नौकांनी झाकलेली नसावी. बाजू कोणतीही चालेल.

ज्या कोकणी माणसांनी पिढ्यान् पिढ्या याच मार्गावरून प्रवास केला त्यांच्यापैकी बहुसंख्यांना खोली मिळतच नसे. मुंबईतले चाकरमानी गणपतीसाठी वा शिमग्यासाठी आगबोटीने गावी जात तेव्हा वळकटी पसरून डेकवर बसत, आणि बंदराला धक्का नसेल तेथे आगबोट दूर उभी राही व पडावांतून माणसे उतरविली जात. त्यांना किनाऱ्याची वळणे पाठ असत. १९३१ च्या त्याच ऑगस्टात, महिनाअखेरीस, ‘राजपुताना’ आगबोटीने परिषदेस निघालेल्या महात्माजींनीही दुसऱ्या वर्गाचे तिकीट असताना प्रवासाचा बहुतेक काळ डेकवरच काढला. डेक हा जहाजाचा सर्वांत सार्वजनिक भाग आहे, आणि भूमीवरून आलेल्या माणसाला समुद्र जर कोठे खऱ्या अर्थाने भेटत असेल तर तो तेथेच, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून ज्या मंडळींनी यंदाच्या हिवाळ्यासाठी दलालांकडे इसार दिला आहे त्यांना माझी आग्रहाची सूचना आहे. पावतीवर डावी की उजवी हे लिहून घेण्याऐवजी मजल्याचा क्रमांक, खोली पुढच्या टोकापासून कितव्या भागात आहे, तिच्या वर-खाली काय आहे, खिडकीपुढे जीवरक्षक नौका येते किंवा नाही, आणि जहाज सुटण्याची व पोहोचण्याची वेळ, एवढा तपशील लिहून मागावा. आणि बाजूच्या नावाखाली जादा रक्कम मागितली गेली तर जाताना व येताना त्या खिडकीतून उजेडी नेमके काय दिसणार, हे त्याच पावतीवर लेखी घ्यावे. ते लिहून देण्यास जो तयार होणार नाही, त्याला ती रक्कम देऊ नये.